कुलाब्याचा क्लब, गोलपीठ्याची रात्र आणि आपलं स्टेज



"कुठल्या गावच्या?" असं विचारल्यावर मी "आंबवडे" म्हणाले की समोरचा कार्यकर्ता हमखास हात जोडतो. "म्हणजे बाबासाहेबांचं मूळ गाव!" मग सांगावं लागतं की ते आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. आमचं आंबवडे भोर तालुक्यातलं, संस्थानकाळातल्या झुलत्या पुलाचं. एका अक्षराची जागा बदलली की गाव बदलतं. इतिहासाचंही तसंच असतं. एक धागा इकडचा तिकडे झाला की कोणाचं गाणं कोणाच्या नावावर जातं, ते कळतसुद्धा नाही. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

निमित्त साधं आहे. आमच्या अभ्यासवर्गाला येणारा एक पोरगा. बारावी झालेला, शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर काम करतो, हप्त्यावर घेतलेली गिटार वाजवतो. जयंतीच्या तयारीच्या बैठकीला तो 'लेड झेपलिन' लिहिलेला टी-शर्ट घालून आला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "ही गोऱ्या श्रीमंतांची थेरं आहेत. आपली चळवळ पेटी-ढोलकीवर उभी राहिली." पोरगा गप्प बसला. बैठक संपल्यावर मला म्हणाला, "ताई, आपल्याला रॉक चालत नाही का?"

मी त्याला तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. हे उत्तर त्याच्यासाठी आहे, आणि त्या ज्येष्ठांसाठीही, आदर राखून.

एका क्लबची दंतकथा

मुंबईच्या इंग्रजी वर्तुळात एक गोष्ट पन्नास वर्षं चघळली जाते. कुलाब्यात 'स्लिप डिस्क' नावाचा एक नाइटक्लब होता. १९७२ साली जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडपैकी एक असलेल्या लेड झेपलिनचे दोघे, गायक रॉबर्ट प्लँट आणि गिटारवादक जिमी पेज, मुंबईत आले होते. एका रात्री ते या क्लबात शिरले आणि तिथल्या पोरांची वाद्यं घेऊन वाजवायला लागले. ना जाहिरात, ना तिकीट. जे हजर होते ते आयुष्यभर सांगत राहिले आणि जे नव्हते तेही "आम्ही होतो" असं सांगायला लागले. याच मुक्कामात दोघांनी मुंबईच्या वादकांना घेऊन आपल्या दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं.

त्या काळची ही दुनिया छोटी होती, पण होती. एका सिगारेट कंपनीच्या नावानं 'सिमला बीट' ही अखिल भारतीय बँड स्पर्धा भरायची, १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्याही निघाल्या. मराठी माणूस या दुनियेत अगदीच नव्हता असं नाही. आत्माराम भेंड्यांचा मुलगा नंदू भेंडे इंग्रजी रॉक गायचा, आणि पुढे जब्बार पटेलांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी रंगभूमीवरही गायला.

या सगळ्याच्या आठवणी लिहिल्या गेल्या, पुस्तकं आली, फोटो जपले गेले. मला त्याचा राग नाही. कोणी आपल्या तारुण्याची आठवण जपली तर त्यात गैर काय? माझा प्रश्न वेगळा आहे. समाजशास्त्र शिकताना एक सवय लागते. कोणतीही जागा 'लेजंडरी' म्हटली की विचारायचं, कोणासाठी? तिच्या दारात कोण उभं होतं, आणि दारापर्यंत पोचूच शकत नव्हतं ते कोण?

तेच साल, तीच मुंबई

आता १९७२ हेच साल आपल्या बाजूनं वाचा.

महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. गावंच्या गावं खडी फोडायच्या कामावर होती. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात, दलित वस्तीवर गावानं बहिष्कार टाकला. याच संतापातून त्या वर्षाच्या मध्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १५ ऑगस्टला राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना'त आला आणि महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' आला. ढसाळ खेड तालुक्यातल्या पूर गावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. मुंबईत टॅक्सी चालवणारे.

स्लिप डिस्कपासून गोलपीठा पाच-सहा किलोमीटरवर आहे. टॅक्सीनं रात्री पंधरा-वीस मिनिटं. एका टोकाला मुंबईची 'नाइटलाइफ', दुसऱ्या टोकाला मुंबईची रात्र. पहिल्या टोकाला लोक रात्र विकत घ्यायला जायचे, दुसऱ्या टोकाला बायका रात्र विकून दिवस काढायच्या. विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही 'गोलपीठा'ची प्रस्तावना लिहिण्याआधी ढसाळांबरोबर त्या गल्ल्यांतून फिरावं लागलं. शहर एकच, पण एका मुंबईला दुसऱ्या मुंबईत जायला वाटाड्या लागत होता.

विद्रोह कुठे होता ते तुम्हीच ठरवा. केस वाढवून इंग्रजीत ओरडण्यातही थोडा विद्रोह असतो, मी नाकारत नाही. घरच्या बापाविरुद्धचा का असेना, तो विद्रोहच. पण त्याची किंमत काय मोजावी लागायची? फार तर पॉकेटमनी बंद. पँथरचा भागवत जाधव जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीनंतरच्या मोर्च्यात दगड डोक्यात पडून शहीद झाला.

मग रॉक कोणाचं?

इथं कोणी म्हणेल, झालं तर मग, ज्येष्ठ बरोबरच बोलले. थेरंच ती.

थांबा. इथंच ती अक्षराची अदलाबदल आहे.

रॉक ही गोऱ्या श्रीमंतांची निर्मिती नाही. ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांच्या ब्लूजमधून आली. लेड झेपलिनच्या १९७१ च्या अल्बममधलं शेवटचं गाणं घ्या. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ साली ध्वनिमुद्रित केलं होतं. विषय होता १९२७ चा मिसिसिपी नदीचा महापूर. त्या पुरात काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकानं बांधावर राबवलं गेलं होतं. विचार करा, वेठबिगारीचं गाणं आहे ते! आपल्या आजोबांनी येसकरकी करताना जे सोसलं त्याच जातकुळीचं. झेपलिननं तिथं मिनीचं नाव तरी दिलं. पण त्यांचं १९६९ चं सगळ्यात गाजलेलं गाणं? त्यातले शब्द ब्लूजचा मोठा गीतकार विली डिक्सन याच्या गाण्यातून उचललेले होते. त्याला कोर्टात जावं लागलं. १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि नंतर त्याचं नाव गाण्यावर आलं.

सिस्टर रोझेटा थार्प हे नाव किती जणांनी ऐकलंय? काळी बाई, चर्चमध्ये गाणारी, विजेची गिटार घेऊन १९३० च्या दशकाच्या शेवटापासून असं वाजवायची की पुढे रॉकचे 'राजे' म्हणवले गेलेले तिच्याकडूनच शिकले. १९७३ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. कित्येक वर्षं नव्हता. रॉकच्या अधिकृत मानकऱ्यांच्या यादीत तिला २०१८ मध्ये घेतलं.

न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये १९२० च्या दशकात 'कॉटन क्लब' नावाचा विख्यात नाइटक्लब होता. स्टेजवर काळे कलाकार, खुर्च्यांवर फक्त गोरे. काळ्या माणसाला स्वतःच्या वस्तीतल्या क्लबात गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नाही! हे वाचून ज्याला आपली तमाशाची कनात आठवणार नाही, त्यानं आपला इतिहास पुन्हा वाचावा. बोर्डावर महार-मांग-कोल्हाटी, आणि पुढच्या गादीवर पाटील. कला खालच्यांची, मजा वरच्यांची, आणि "नाचे-गाणारे" ही शिवी पुन्हा खालच्यांनाच.

म्हणून त्या पोराला माझं पहिलं उत्तर: रॉक आपल्याला चालतं. नुसतं चालत नाही, ते आपल्या भावकीतलं आहे. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून आपण नाव घेतलं तेव्हा कोणी "परकं" म्हणून नाकारलं नाही. मग त्यांच्या गिटारीनं काय घोडं मारलंय?

दारावरचा माणूस

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण, तीन पोरं आणि आम्ही दोघी, पुण्यातल्या एका पबमध्ये एका बँडला ऐकायला गेलो होतो. दारावरच्या माणसानं आमच्याकडे खालपासून वर पाहिलं. एकाच्या पायात चप्पल होती. "ड्रेस कोड आहे." तो मित्र बाहेर थांबला तर बाकीचे जोडीनं नव्हते, म्हणून "स्टॅग एन्ट्री नाही." इंग्रजीत वाद घातला असता तर कदाचित सोडलं असतं. आमचं मराठीच तोंडातून निघालं. जात कोणी विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती. चप्पल, भाषा, रंग आणि हजार रुपये, एवढ्या चार चाळण्या लावल्या की उरलेलं काम आपोआप होतं. आणि तो दारावरचा बाउन्सर? तो बहुधा आपल्यातलाच कोणाचा तरी भाऊ असेल, बारा तासांच्या ड्युटीवर.

हीच चाळणी सरकारनं कायद्यातही घातली. २००५ मध्ये महाराष्ट्रानं डान्स बार बंद केले. कारण दिलं नैतिकतेचं आणि स्त्रियांच्या शोषणाचं. पण त्याच दुरुस्तीत तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना, क्लबांना सूट होती. म्हणजे बीअर बारमध्ये नाचलं तर अश्लील आणि तीन तारे असले की संस्कृती! नैतिकता ताऱ्यांवर ठरते हे आम्हाला तेव्हा कळलं. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये हे कलम फेटाळलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. मधल्या वर्षांत ज्यांची भाकरी गेली त्यांत पिढीजात नाच-गाण्यावर जगणाऱ्या जातींमधल्या कितीतरी बायका होत्या.

या प्रश्नावर आपल्या चळवळीतच दोन मतं होती, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. "हा जातीनं लादलेला धंदा आहे, तो बंदच व्हावा" असं म्हणणाऱ्या आंबेडकरी बायकांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. बाबासाहेबांनी मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना त्या जगण्यातून बाहेर पडायचं आवाहन केलं होतंच. पण बाहेर पडायचा रस्ता न देता दार बंद करणं म्हणजे मुक्ती नाही. आणि ते दार फक्त गरिबांच्याच बारचं बंद करणं याला तर सरळ जातिव्यवस्थाच म्हणतात.

रात्री दहाचा कायदा

मुंबईत धोबी तलावला 'रंगभवन' नावाचं उघडं नाट्यगृह होतं. १९७८ ची 'जॅझ यात्रा' तिथं झाली. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तिथं गाजला. क्लबसारखं अंधारं, महागडं नाही, आभाळाखालचं. शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं, म्हणून शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि २००३ च्या सुमारास तिथला आवाज थांबला. रॉकवाले आजही त्याचा शोक करतात.

त्यांचं दुःख मला कळतं, कारण तोच नियम आपल्याही अंगावर येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम वाईट नाही, आजारी माणसाला आणि लहान लेकराला झोप हवीच. पण अंमलबजावणी पाहा. बंद काचेआडच्या क्लबात पहाटेपर्यंत चालतं, कारण तिथं भिंत विकत घेता येते. ज्याच्याकडे भिंत नाही, ज्याचं सभागृह म्हणजे चौक आणि ताडपत्री, त्याचा आवाज दहाला संपतो. रात्रभर चालणाऱ्या गायन पार्टीचा जीव त्या नियमानं हळूहळू गेला.

आपले नाइटक्लब

होय, आपलेही होते! फक्त त्यांना कोणी 'लेजंडरी' म्हटलं नाही.

मी सहा-सात वर्षांची असेन. आमच्या बौद्धवाडीत जयंतीला गायन पार्टी आली होती. हॅलोजनचा पिवळा उजेड, झाडाला बांधलेला कर्णा, पेटी, ढोलकी, बेंजो. दोन पार्ट्यांचा जंगी सामना. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जवाब द्यायचा. मध्येच गाणं थांबवून बक्षीस पुकारायचं, "अमक्यांकडून अकरा रुपये, गायन पार्टी आभारी आहे!" माझी आजी सही करू शकत नव्हती, पण महाडचं तळं, काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा, सगळं तारीखवार सांगायची. कुठं शिकली? त्या ताडपत्रीवर. पहाटे चारला मांडीवर झोपलेली लेकरं आणि समोर टक्क जाग्या बायका. ते आमचं विद्यापीठ होतं आणि आमचा क्लबही. दारावर कोणी नव्हतं, कारण दारच नव्हतं.

हा इतिहास केवढा मोठा आहे! १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. तमाशाचाच साचा, पण गण-गवळणीच्या जागी समतेचा विचार. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणायचे अशी आठवण सगळी जुनी माणसं सांगतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक उभं आयुष्य खांद्यावर झोळी घेऊन गात फिरले. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर यांनी कव्वाली आपलीशी केली. कव्वाली दर्ग्यातली, ती घेऊन भीमरायावर गायली, तेव्हा कोणी "आपली नाही" म्हटलं नाही. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमात असतानाच गेले.

आणि आपल्या गाण्याची किंमतही मोजली गेली. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या पोरापोरींना २०११ नंतर गाण्यांसाठी भूमिगत व्हावं लागलं, तुरुंगात जावं लागलं. जगात कुठल्या रॉक क्लबाच्या इतिहासात एवढं रक्त आहे, सांगा.

न्यू यॉर्कमधला 'सीबीजीबी' हा पंक रॉकचा विख्यात क्लब १९७३ ते २००६ चालला. बंद पडल्यावर त्या जागी महागड्या कपड्यांचं दुकान आलं आणि त्यांनी जुन्या भिंतीचा भाग काचेआड जपला. भिंतीची पोस्टरं जपली जातात! आपल्या गायन पार्ट्यांच्या हस्तलिखित वह्या मात्र पत्र्याच्या पेटीत वाळवी खाते. यात दोष फक्त ब्राह्मणी व्यवस्थेचा नाही. आपलाही आहे.

आता आपल्याबद्दल

आज जयंतीला काय असतं? डीजे. मला डीजेचा तिरस्कार नाही. ज्या रस्त्यावरून आजोबांना चप्पल घालून जाता येत नव्हतं, त्या रस्त्यावर नातू छाती काढून नाचतो, यात राजकारण आहे. डीजेचा ट्रक म्हणजे दार नसलेला क्लबच म्हणा. पण तीन गोष्टी खटकतात.

एक, बायका पुन्हा कडेला गेल्या. ताडपत्रीवर आजी पुढच्या रांगेत होती, डीजेपुढे तिची नात घराच्या ओट्यावरून बघते. दुसरी, वर्गणीतले बहुतेक पैसे भाड्याच्या भिंतींना जातात आणि आपल्या गाणाऱ्याला मानधन द्यायची वेळ आली की "समाजाचं काम आहे" म्हणतो. तिसरी, सवाल-जवाब संपला. नुसता जयजयकार उरला. जिथं प्रश्न विचारला जात नाही ते गाणं कितीही मोठ्या आवाजात लावा, बाबासाहेबांचं होत नाही.

रस्ता आहे. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभं राहिलं आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी वस्तीतला गाना, रॉक आणि रॅप एका स्टेजवर आणले. जात, आरक्षण, गोमांस, सगळ्यावर गायले. मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्ज' हा बौद्ध रॉक बँड काढला. पेटी सोडून गिटार घेतली म्हणून कोणाचा आंबेडकर कमी झाला नाही.

म्हणून यंदा आम्ही एक ठरवलंय. भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक बौद्धवाडीत जाऊन जुन्या गायन पार्ट्यांची नोंद करायची. कोण गायचं, कुठल्या झाडाखाली, ढोलकीवर कोण, शेवटचा सामना कधी झाला. मोबाइलवर आवाज घ्यायचा, वह्यांचे फोटो काढायचे. आणि जयंतीच्या आदल्या रात्री, दहाच्या आत, डीजेविना एक सामना ठेवायचा. एका बाजूला पेटी-ढोलकीची जुनी पार्टी, दुसऱ्या बाजूला गिटारवाली पोरं. सवाल ज्येष्ठांनी टाकायचा, जवाब पोरांनी द्यायचा. पुढच्या रांगेत फक्त बायका.

त्या पोराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, टी-शर्ट कुठला घालू?" मी म्हटलं, "तोच घाल. फक्त कोणी विचारलं तर मेम्फिस मिनीचं नाव सांगता आलं पाहिजे. आणि वामनदादांचं."

ज्या ज्येष्ठांनी त्याला झापलं होतं, त्यांना पहिला सवाल टाकायला बोलावलंय. ते अजून हो म्हणाले नाहीत. पण परवा त्यांच्या घरून पेटी दुरुस्तीला गेल्याचं कळलं.

तुमच्या गावात कुठलं झाड, कुठला चौक होता? लिहून काढा. आपण लिहिलं नाही तर कोणी लिहिणार नाही.

जयभीम!